तूप, खोबरे आणि एलडीएल: संशोधकांचे भांडण नेमके कशावरून आहे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. वय 51, राहणे गिरगावात, मूळ घर मालवणकडचे, नोकरी बैठी. मधुमेह नाही, तंबाखू नाही, रक्तदाब औषधाविना ठीक आहे. अलीकडच्या तपासणीत एलडीएल कोलेस्टेरॉल (रक्तवाहिन्यांत साचणारे, म्हणून ‘वाईट’ म्हटले जाणारे) दर डेसिलिटर रक्तात 162 मिलिग्रॅम आले आणि नेहमीच्या डॉक्टरांनी तूप व खोबरे बंद करायला सांगितले. त्यावर आपल्या भाच्याने 2010 आणि 2017 सालच्या संशोधनांचे दाखले पाठवून कळवले, की संपृक्त मेदाचा (तूप-खोबरेलासारख्या, थंडीत गोठणाऱ्या स्निग्धांशाचा) हृदयरोगाशी संबंध नाही हे आता सिद्ध झाले आहे. शिवाय त्याने पश्चिम रेल्वेच्या डॉक्टरांच्या एका जुन्या पाहणीचाही हवाला दिला. आपली आजी रोज तूप खाऊन 88 वर्षे जगली, तेव्हा ऐकावे कोणाचे, असे आपण विचारता.

मुंबईत हृदयरुग्ण तपासण्यात माझी सत्तावीस वर्षे गेली आहेत. माझे मत आधीच सांगून टाकतो. आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्याची दिशा बरोबर आहे, पण त्यांनी बोट ठेवले आहे ते स्वयंपाकघरातल्या भलत्याच बरणीवर. भाच्याने पाठवलेली संशोधने खरी आहेत, पण त्याने काढलेला निष्कर्ष त्या संशोधनांत नाही.

ज्यावर फारसा वाद नाही ते प्रथम पाहू. तूप, लोणी, साय, खोबरेल आणि पामतेल यांत संपृक्त मेदाम्लांचा वाटा मोठा असतो. खोबरेलात तो 90 टक्क्यांच्या आसपास, तुपात 60 टक्क्यांहून थोडा अधिक, पामतेलात निम्मा, शेंगदाणा तेलात 20 टक्क्यांच्या आत आणि सूर्यफूल तेलात जेमतेम 11 टक्के. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे खोबरेलाची बाटली गोठते आणि शेंगदाणा तेलाची गोठत नाही, त्याचे कारण मुख्यतः हेच आहे. या मेदाम्लांपैकी लॉरिक, मिरिस्टिक आणि पामिटिक ही तिन्ही रक्तातील एलडीएल वाढवतात. स्टिअरिक आम्ल मात्र जवळजवळ तटस्थ असते. एलडीएलचे कण रक्तातून उचलून घेणारे ग्राहक (रिसेप्टर) यकृताच्या पेशींवर असतात, आणि आहारात संपृक्त मेद वाढला की त्या ग्राहकांचे काम मंदावते, त्यामुळे कण रक्तात अधिक काळ फिरत राहतात. हे ग्राहक शोधून काढणाऱ्या मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन यांना 1985 साली नोबेल पारितोषिक मिळाले. माणसांना मोजूनमापून जेवण देऊन केलेल्या प्रयोगांवरून अमेरिकेतील अॅन्सेल कीज यांनी जे सूत्र बांधले, त्यानुसार एकूण ऊर्जेपैकी 1 टक्का ऊर्जा पिष्टाऐवजी संपृक्त मेदातून आली, तर रक्तातील एकूण कोलेस्टेरॉल सुमारे 2.7 मिलिग्रॅमने वाढते. नंतरच्या मोजण्यांत हा आकडा थोडा इकडेतिकडे झाला असला, तरी दिशा कधीच बदलली नाही.

याचे एक उदाहरण आपल्याला जवळचे वाटेल. मॉरिशसमध्ये भारतीय वंशाची वस्ती मोठी आहे आणि त्यात मराठी कुटुंबेही आहेत. तेथील सरकारने 1987 नंतर शिधावाटपातल्या तेलात पामतेलाऐवजी मुख्यतः सोयाबीन तेल आणले. पाच वर्षांनी लोकांचे सरासरी एकूण कोलेस्टेरॉल सुमारे 30 मिलिग्रॅमने उतरलेले आढळले. घट सगळी तेलामुळेच झाली असे कोणी म्हणणार नाही, पण मोठा वाटा त्याचाच होता.

हा झाला ताटापासून एलडीएलपर्यंतचा दुवा. दुसरा दुवा एलडीएलपासून रोहिणीकाठिण्यापर्यंतचा, म्हणजे रक्तवाहिन्यांत थर साचून त्या कडक व अरुंद होण्यापर्यंतचा. जन्मतःच ज्यांच्यात हे ग्राहक कमी असतात त्यांना ऐन तारुण्यात, काहींना तर बालपणीच हृदयविकाराचा झटका येतो. ज्यांच्या जनुकांमुळे एलडीएल आयुष्यभर कमी राहते त्यांना हा आजार क्वचित होतो. आणि स्टॅटिन या एलडीएल उतरवणाऱ्या औषधांच्या चाचण्यांचा एकत्रित हिशेब सांगतो, की एलडीएल सुमारे 39 मिलिग्रॅमने उतरले तर झटका, पक्षाघात व तत्सम मोठ्या घटना सुमारे 22 टक्क्यांनी घटतात. म्हणजे साखळीचे दोन्ही दुवे स्वतंत्रपणे भक्कम आहेत. वाद आहे तो वेगळ्याच गोष्टीवर: ताटापासून झटक्यापर्यंतची ही अख्खी साखळी माणसांच्या खाण्याच्या अभ्यासांतून थेट दिसते का, आणि दिसली तर तिचा परिणाम किती मोठा आहे.

या वादाची सुरुवात कीज यांच्यापासूनच होते. त्यांनी 1953 साली सहा देशांचा एक आलेख मांडला, ज्यात आहारातला मेद जितका जास्त तितके हृदयरोगाचे मृत्यू जास्त, अशी जवळजवळ सुबक रेषा दिसत होती. 1957 साली येरुशाल्मी आणि हिलबो या संशोधकांनी दाखवले, की उपलब्ध असलेल्या सर्व 22 देशांची आकडेवारी घेतली तर ती रेषा बरीच विस्कटते. ही टीका योग्यच होती. पण आज फिरणाऱ्या संदेशांत हा आलेख आणि 1958 साली सुरू झालेला ‘सात देशांचा अभ्यास’ यांची सरमिसळ केली जाते. सात देशांच्या अभ्यासात 40 ते 59 वयाच्या सुमारे 12,700 पुरुषांना प्रत्यक्ष तपासून वर्षानुवर्षे त्यांचा मागोवा घेतला गेला. त्यात पूर्व फिनलंडमध्ये हृदयरोग भरपूर आणि क्रीट बेटावर व जपानमध्ये फारच थोडा आढळला. दोष त्यातही होते. क्रीटमधील आहाराची काही नोंद ख्रिस्ती उपवासाच्या दिवसांत झाली होती, म्हणजे आपल्याकडे श्रावणात मालवणी घरी जाऊन ‘मासे किती खाता?’ असे विचारण्यासारखेच झाले. शिवाय हे देश केवळ आहारात नव्हे, तर कष्ट, धूम्रपान आणि संपन्नता यांतही एकमेकांपासून वेगळे होते.

आपल्या भाच्याने सांगितलेली रेल्वेची पाहणी मला ठाऊक आहे. पश्चिम रेल्वेचे डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी ती 1967 साली प्रसिद्ध केली. देशभरातल्या रेल्वे कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासल्यावर त्यांना दक्षिणेत हृदयरोगाचे मृत्यू उत्तरेच्या सुमारे सात पट आढळले, आणि तूप-दूध भरपूर खाणारे होते ते उत्तरेकडचे. पाहणी प्रामाणिक आहे आणि तिने उपस्थित केलेला प्रश्नही महत्त्वाचा आहे. मात्र तीही प्रदेशांची तुलना आहे; कोणत्या माणसाने किती तूप खाल्ले आणि त्याच माणसाचे पुढे काय झाले, हे तिच्यात नाही. कीज यांचा सहा देशांचा आलेख याच कारणासाठी फेटाळायचा आणि मल्होत्रांची पाहणी मात्र शिरोधार्य मानायची, हे मला पटत नाही. दोन्हींना एकच तराजू लावावा लागेल.

खरा कस लागतो तो चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडलेल्या चाचण्यांत, आणि इथे चित्र खरोखरच संमिश्र आहे. लॉस एंजेलिस येथील माजी सैनिकांच्या निवासात 846 पुरुषांवर झालेल्या चाचणीत वनस्पतिजन्य तेलाच्या आहाराने झटके व तत्सम घटना कमी झाल्या, पण एकूण मृत्यूंत फारसा फरक पडला नाही. फिनलंडमधील दोन मनोरुग्णालयांत दुधातले मेद काढून सोयाबीन तेल घातले तेव्हा हृदयरोग घटला. मात्र रुग्ण सतत ये-जा करत असल्याने तो अभ्यास काटेकोर मानता येत नाही. याच्या उलट सिडनीमध्ये, आधीच झटका येऊन गेलेल्या 458 पुरुषांपैकी ज्यांना करडईचे तेल आणि मार्गारीन (तेलापासून केलेले कृत्रिम लोणी) दिले गेले त्यांच्यातच मृत्यू अधिक झाले. ही आकडेवारी नव्याने तपासून 2013 साली प्रसिद्ध झाली.

मिनेसोटाची कथा तर विलक्षण आहे. 1968 ते 1973 या काळात तेथील सहा मनोरुग्णालये आणि एक वृद्धाश्रम मिळून नऊ हजारांहून अधिक लोकांना या चाचणीत घेतले होते. मक्याच्या तेलाच्या आहाराने कोलेस्टेरॉल जवळपास 14 टक्क्यांनी उतरले, पण मृत्यू कमी झाले नाहीत. संपूर्ण आकडेवारी कित्येक वर्षे प्रसिद्धच झाली नाही. प्रमुख संशोधक आयव्हन फ्रँट्झ यांच्या घराच्या तळघरात त्यांच्या मुलाला जुनी कागदपत्रे आणि टेप सापडल्या, आणि त्यांचे विश्लेषण 2016 साली बाहेर आले. अप्रिय निष्कर्ष असे बासनात बांधून पडणे ही विज्ञानातली मोठी खोट आहे, आणि या बाबतीत टीकाकारांचा राग मला रास्त वाटतो. तरीही या चाचणीतून ‘लोणी निर्दोष आहे’ असे निघत नाही. त्याच सुमारास मनोरुग्णांना लवकर घरी पाठवण्याचे धोरण आले, त्यामुळे बहुतेकांनी हा आहार वर्षभरही घेतला नाही. रोहिणीकाठिण्य घडायला दशके लागतात, काही महिने पुरत नाहीत. शिवाय त्या काळातल्या मार्गारीनमध्ये ट्रान्स मेद (तेल कृत्रिमरीत्या घट्ट करताना तयार होणारा मेद) असण्याची शक्यता मोठी आहे, आणि ट्रान्स मेद हृदयाला संपृक्त मेदापेक्षाही वाईट आहे, याविषयी आज दोन्ही पक्षांचे एकमत आहे.

वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित हिशेब मांडणाऱ्या कोक्रेन या संस्थेने अशा 15 चाचण्या एकत्र करून 2020 साली जो हिशेब मांडला, त्यात निदान दोन वर्षे संपृक्त मेद कमी केल्याने हृदय व रक्तवाहिन्यांच्या घटना सुमारे 17 टक्क्यांनी घटलेल्या दिसतात, एकूण मृत्यूंवर मात्र फारसा परिणाम दिसत नाही. मला हा आकडा विश्वासार्ह वाटतो, कारण तो फार मोठा नाही. आहाराचा परिणाम औषधाइतका ठळक असणारच नाही.

आता भाच्याच्या दोन दाखल्यांकडे वळू. 2010 च्या संशोधनात 21 निरीक्षणात्मक अभ्यास आणि सुमारे 3 लाख 48 हजार माणसे होती, आणि संपृक्त मेद जास्त खाणारे व कमी खाणारे यांच्यात हृदयरोगाचा लक्षणीय फरक आढळला नाही. अशा अभ्यासांत माणूस काय खातो हे प्रश्नावलीने विचारतात. माझ्यासमोर बसलेला रुग्ण कालच्या जेवणात किती तेल होते हे सांगू शकत नाही, कारण स्वयंपाक त्याने केलेलाच नसतो. मग गेल्या वर्षभराचे विचारून काय हाती लागणार? मोजमाप इतके ढोबळ असले की खरा संबंधही पुसट होतो. दुसरे म्हणजे, मूळ अभ्यासांपैकी काहींनी रक्तातील कोलेस्टेरॉल समान धरून तुलना केली होती. संपृक्त मेद ज्या वाटेने अपाय करतो तीच वाट आधी बंद करायची आणि मग अपाय दिसत नाही म्हणायचे, असा हा प्रकार आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा आहे. जो माणूस संपृक्त मेद कमी खातो तो तितक्या कॅलरी दुसऱ्या कशातून तरी घेतोच. अमेरिकेतील परिचारिका आणि आरोग्य व्यावसायिकांच्या मोठ्या गटांवरील 2015 च्या विश्लेषणात नेमके हेच वेगळे करून पाहिले. एकूण ऊर्जेपैकी 5 टक्के ऊर्जा संपृक्त मेदाऐवजी बहुअसंपृक्त मेदातून (सूर्यफूल, सोयाबीन तेलांत भरपूर असतो तो) आली तेव्हा हृदयरोगाचा धोका 25 टक्क्यांनी कमी दिसला, एकअसंपृक्त मेदातून (शेंगदाणा तेलात भरपूर असतो तो) आली तेव्हा 15 टक्क्यांनी, अख्ख्या धान्यांतून आली तेव्हा 9 टक्क्यांनी; आणि मैदा-साखरेतून आली तेव्हा काहीही फरक पडला नाही. सर्वांना एकाच टोपलीत टाकले की उत्तर शून्याजवळ येणे स्वाभाविक आहे. भाच्याचा दुसरा दाखला, म्हणजे 2017 चा ‘प्युअर’ अभ्यास, 18 देशांतील 1 लाख 35 हजार लोकांचा होता आणि त्यात भारतही होता. जास्त पिष्ट खाणाऱ्यांत मृत्यू अधिक, हा त्याचा मुख्य निष्कर्ष. ज्याच्या ताटात निव्वळ भात असतो तो बहुधा गरीब असतो आणि इस्पितळापर्यंत उशिरा पोहोचतो, हे लक्षात घेऊनही त्यातला इशारा आपल्याला लागू आहे असे मी मानतो.

आपल्यासारख्या माणसाच्या बाबतीत हा मुद्दा पुस्तकी राहत नाही. 52 देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका येण्याचे सरासरी वय 53 होते, इतरांचे जवळपास 59. आपल्यात ट्रायग्लिसराइड (रक्तात फिरणारा मेद) जास्त, एचडीएल (‘चांगले’ म्हटले जाणारे कोलेस्टेरॉल) कमी आणि पोटाचा घेर मोठा असे त्रांगडे फार दिसते, आणि ते तुपापेक्षा पोहे, साबुदाणा, पाव, बिस्किटे आणि साखरेच्या चहाने अधिक बिघडते. काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ अँजिओप्लास्टीनंतर सहा महिन्यांनी मोठ्या अभिमानाने म्हणाले, ‘डॉक्टर, वरणावर थेंबभरसुद्धा तूप नाही.’ अहवालात ट्रायग्लिसराइड 280 होते. तुपाच्या जागी सकाळ-संध्याकाळ खाकरे, टोस्ट आणि ‘शुगरफ्री’ म्हणून आणलेली मैद्याची बिस्किटे आली होती.

तेव्हा आपल्या स्वयंपाकघराचा हिशेब मांडू. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा एकूण ऊर्जेच्या 10 टक्के आहे. 2000 कॅलरींच्या आहारात ती सुमारे 22 ग्रॅम संपृक्त मेद होते. वरण-भातावरच्या एका लहान चमचा तुपात ते 3 ग्रॅमच्या आसपास भरते. आपण लिहिले आहे, की चौघांच्या घरात रोज दोन लिटर फुल क्रीम दूध येते, म्हणजे माणशी अर्धा लिटर. या दुधात 6 टक्के स्निग्धांश असतो. अर्ध्या लिटरमागे 30 ग्रॅम मेद, त्यातले 18 ते 19 ग्रॅम संपृक्त. बंद करायला सांगितलेल्या तुपाच्या सहापट हे चहा, कॉफी आणि रात्रीच्या दुधातून जाते आहे, आणि त्याकडे कोणाचेही लक्ष नाही. (साय काढून घरीच तूप कढवत असाल, तर तितका मेद दुधातून बरणीत गेला, तो दोनदा मोजू नये.) यात एक सूक्ष्म भेद सांगायला हवा. स्वीडनमधील 2015 च्या एका लहान चाचणीत रोज 40 ग्रॅम दुधातला मेद सायीच्या रूपात दिला तेव्हा एलडीएल फारसे हलले नाही, पण तोच मेद आपल्या तुपासारख्या बटर ऑइलच्या रूपात दिल्यावर ते वाढले. सायीतल्या मेदाच्या गोळ्यांभोवती जे पातळ आवरण असते, ते लोणी काढण्यासाठी घुसळताना फुटते, हे त्याचे संभाव्य कारण. चीजही त्याच मापाच्या लोण्यापेक्षा एलडीएल कमी वाढवते. म्हणून दूध-दह्याला मी तुपाइतके कडक गुण देत नाही. पण 162 एलडीएल असताना 3 टक्के मेदाचे टोन्ड दूध आणावे, एवढे सुचवायला मी कचरत नाही.

दुसरा छुपा वाटा घराबाहेरचा. एकेकाळी फरसाण आणि बेकरी म्हणजे वनस्पती तूप, आणि त्यात ट्रान्स मेद भरपूर असे. 2022 पासून आपल्याकडे तेला-तुपातील ट्रान्स मेदावर 2 टक्क्यांची मर्यादा आली, ही फार चांगली गोष्ट झाली. पण खारी कुरकुरीत राहायची तर घट्ट स्निग्ध पदार्थ लागतोच, आणि ती जागा आता बऱ्याच अंशी पामतेलाच्या पदार्थांनी घेतली आहे. ऑफिसात चार वाजता चहाबरोबर येणारी खारी आणि शनिवारची बटर वितळलेली पावभाजी मोजल्याशिवाय आजीच्या पद्धतीच्या तुपावर खटला भरू नये.

खोबऱ्याविषयी मी थोडा कमी उदार आहे. सोळा चाचण्यांचा 2020 चा एकत्रित हिशेब सांगतो, की इतर वनस्पतिजन्य तेलांच्या तुलनेत खोबरेलाने एलडीएल सुमारे 10 मिलिग्रॅमने वाढते. एचडीएलही थोडे वाढते, पण त्याचा फायदा होतो असा पुरावा नाही. केरळमध्ये 200 हृदयरुग्णांना दोन वर्षे खोबरेल किंवा सूर्यफूल तेल देऊन पाहिले तेव्हा फरक आढळला नाही हे खरे. पण ते रुग्ण स्टॅटिनवर होते आणि अशा औषधाखाली आहाराचा छोटा फरक झाकला जातो. मात्र खोबरेल आणि खोबरे एक नव्हे. माशाच्या आमटीतल्या वाटणात, भाजीवर भुरभुरलेल्या ओल्या खोबऱ्यात तंतू असतो आणि प्रमाणही मर्यादित राहते. माणशी 30 ग्रॅम ओल्या खोबऱ्यातून साधारण 9 ग्रॅम संपृक्त मेद जातो. रोज दोन्ही वेळा वाटणाचे जेवण आणि वर सोलकढी असेल तर हा आकडा दुधालाही मागे टाकेल. आठवड्यातून तीन दिवस वाटण ठेवावे, बाकीच्या दिवशी तिरफळ-कोकमाचे पातळ तिखले करावे, फोडणी शेंगदाणा किंवा राइस ब्रान तेलाची असावी, आणि बांगडा-तारली तळण्याऐवजी अशा तिखल्यात घालावी. त्या माशांतला मेद बहुतांशी असंपृक्त आहे.

आजींचा दाखला मी टाळत नाही, पण त्यांच्याबरोबर जन्मलेले किती जण 88 पर्यंत पोहोचले, हेही विचारायला हवे. 1951 च्या सुमारास भारतातले सरासरी आयुर्मान 32 वर्षांच्या आसपास होते. त्यांच्या घरी एका म्हशीचे तूप किती तोंडांत वाटले जात होते आणि त्या दिवसाकाठी किती चालत होत्या, हे आपल्यालाच चांगले माहीत असेल.

औषधाचा निर्णय आजच घेण्याची घाई नाही, मात्र तो वर्षभर लांबवूही नये. थायरॉइडची टीएसएच तपासणी करून घ्या, कारण थायरॉइड मंदावले तरी एलडीएल वाढते आणि मग तुपाला उगीच दोष लागतो. लायपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच, बहुतांशी अनुवंशाने ठरणारा रक्तातला कण) आयुष्यात एकदा तपासावे. वडील किंवा भाऊ यांना पंचावन्नच्या आत झटका आला असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. आपण पत्रात त्याचा उल्लेख केलेला नाही. त्यानंतर दूध, बाहेरचे खाणे आणि वाटण यांत वर सांगितलेला बदल आठ आठवडे करा, वरण-भातावरचे एक चमचा तूप तसेच राहू द्या, आणि त्याच प्रयोगशाळेत एलडीएल पुन्हा मोजा. माझ्या अनुभवात अशा बदलाने 10 ते 20 मिलिग्रॅम उतरतात, क्वचित अधिक. आकडा 140 च्या वरच राहिला आणि घराण्यात लवकरच्या झटक्यांचा इतिहास निघाला, तर मी स्टॅटिन सुचवेन आणि खाण्यावरून आपल्याला आणखी छळणार नाही. दोन्ही वेळची तपासणी नेहमीच्या खाण्याच्या दिवसांत करा. पहिली श्रावणाच्या उपवासात आणि दुसरी गणपतीच्या मोदकांनंतर झाली, तर क्रीटमध्ये झाली तीच चूक आपण गिरगावात कराल.